तीन महिने कुणाला सांगायचं नाही, पण थिनरला कोण सांगणार?

पत्र थोडक्यात असं (नाव, गाव, कंपनी सगळं काढलंय): वाचक २७ वर्षांची, चाकणच्या बाजूला भाड्याच्या खोलीत नवरा आणि सासूबाईंबरोबर राहते. दुचाकीचे पत्र्याचे पार्ट रंगवणाऱ्या एका युनिटमधे ठेकेदाराकडून तीन वर्षं कामाला आहे. कधी पुसाईच्या टेबलावर, म्हणजे सुती धाग्यांचं वेस्ट घेऊन ते थिनरमधे भिजवून पार्ट पुसायचे आणि रंग फवारायच्या बूथकडे पाठवायचे, कधी ओव्हनच्या तोंडाशी टच-अपला. हातात १६ हजार येतात, ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापतात. गेल्या वर्षी सातव्या आठवड्यात गर्भ पडला. आता परत दिवस गेलेत, आठवा आठवडा चालू आहे. सासूबाईंनी बजावलंय की तीन महिने होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, दृष्ट लागते. सुपरवायझर म्हणतो हवेचा रिपोर्ट लिमिटमधे आहे. शेजारच्या टेबलावरची ताई म्हणते माझी दोन पोरं इथंच काम करता करता झाली. मावशीनं भोपाळचं नाव काढलं आणि हिनं रात्री दोन वाजता मोबाइलवर थिनरमधलं टोल्युइन शोधलं, त्यात पोरांचे फोटो बघून रडली. विचारते, नोकरी सोडू का? गेल्या वेळचं पण यामुळंच गेलं का? आणि बाळाला आधीच काही झालं असेल तर आत्ताच खाली करून घेऊ का?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर थांबले, जी तू जाता जाता लिहून टाकलीयस. रोज चार वाजले की कपाळ ठणकायला लागतं आणि हात हलके पडल्यासारखे होतात, रविवारी मात्र नाही. मळमळीचं तू वेगळं लिहिलंयस, ती रविवारी पण असतेच. म्हणजे मळमळ पोटातल्याची, पण ठणका त्या डब्याचा. मी डॉक्टर नाही, बारा वर्षं एका कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होते, आणि हे रविवारचं गणित इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी डोकेदुखी म्हणालं की मी आधी विचारते, सुट्टीच्या दिवशी काय?

त्या ठणक्याला मी एवढं महत्त्व का देतेय ते सांगते. कॅनडात टोरांटोला १२५ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, सगळ्या कामाच्या जागी सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखी विरघळवणारी रसायनं, हाताळणाऱ्या, आणि तुलनेला तेवढ्याच न हाताळणाऱ्या. १९९९ ला छापून आला. पहिल्या गटात १३ बाळांना मोठं जन्मजात व्यंग निघालं, दुसऱ्या गटात एकाला. पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या १३ मधली १२ बाळं अशा आयांची होती ज्यांना कामावर असताना त्रास व्हायचा, डोकं दुखणं, गरगरणं, श्वासाचा त्रास वगैरे. अशा आया ७५ होत्या. आणि ज्या ४३ जणींना काहीच त्रास होत नव्हता त्यांच्यात एकही नाही. अभ्यास लहान आहे, एका अभ्यासावर कुणी शपथ घेऊ नये, पण त्यातून एक कामाची खूण हाती लागते. ज्या बाईचं शरीर तक्रार करतंय तिला वाफ जास्त मिळतेय. तुझं करतंय.

आता त्या फोटोंबद्दल. ते बघून रडलीस, कोणीही रडलं असतं. पण टोल्युइन आणि बाळ असं शोधलं की जे चेहरे समोर येतात ते बहुतेक अशा आयांच्या बाळांचे असतात ज्या नशेसाठी थिनर, रंग, चिकटद्रव्य हुंगायच्या, फडकं नाकाला लावून, दिवसातून कित्येकदा, महिनोन्महिने. त्यात हजारो पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आत जातं. तुझ्या टेबलावर ते प्रमाण नसतं, तसं असतं तर तू पत्र लिहायला शुद्धीवर नसतीस. तेव्हा ते फोटो मनातून काढ. याचा अर्थ तुझं टेबल सुरक्षित आहे असा पण नाही, मधे फार मोठी जागा आहे आणि तू त्या मधल्या जागेत उभी आहेस.

मावशीचं भोपाळ पण तसंच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गरोदर बायकांची नंतर पाहणी झाली तर जवळजवळ ४३ टक्के गर्भ जगले नव्हते, आणि जी बाळं जन्माला आली त्यातली १४ टक्के पहिल्या महिन्यात गेली. हा आकडा वाचला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या रंगाच्या हार्डनरमधे पण आयसोसायनेट जातीचंच रसायन असतं म्हणून नाव सारखं वाटतं, पण ते त्या वायूसारखं आपोआप उडून जाणारं नाही, ते मुख्य म्हणजे रंगाची स्प्रे गन मारताना फवाऱ्यातून उडतं आणि त्यानं दमा लागतो. म्हणून बूथच्या दारात उभं राहायचं नाही, गन चालू असताना तर अजिबात नाही. पण भोपाळ एका रात्रीत झालं आणि तुझं रोज थोडं थोडं होतंय, दोन्हीचा हिशोब वेगळा.

पोटात नेमकं काय होतं ते साध्या भाषेत सांगते. थिनरमधली टोल्युइन, झायलीनसारखी रसायनं चरबीत विरघळणारी, बारीक रेणूंची. श्वासातून रक्तात जातात आणि वारेतून आरामात पलीकडं जातात, वार ही काही गाळणी नाही. त्यात गरोदर बाईचा श्वासच वाढलेला असतो, बसल्याजागी सुद्धा मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त हवा आत जाते आणि ही वाढ पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होते. म्हणजे त्याच टेबलावर, त्याच हवेत तू शेजारच्या ताईपेक्षा जास्त ओढतेयस. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात हृदय, मज्जारज्जू, हातपाय, ओठ-टाळू हे सगळं आकार घेतं. मेंदू तर पुढं नऊ महिने वाढतच राहतो.

आता मुद्द्यावर येते, आणि इथं सासूबाईंचा अपमान करायचा नाहीये. तीन महिने सांगायचं नाही ही पद्धत आपल्या घरोघर आहे आणि त्यामागं शहाणपण पण आहे, पहिल्या महिन्यांत गर्भ पडायची शक्यता जास्त, मग दहा जणांना उत्तरं देत बसावं लागतं, ज्या बाईचं गेलंय तिला ते फार जड जातं. तुला तर गेल्या वर्षीचा अनुभवच आहे. पण ही पद्धत ज्या काळात पडली तेव्हा बाई शेतावर नाहीतर घरात होती, पुसाईच्या टेबलावर नव्हती. ज्या आठवड्यांत अवयव बनतात नेमके तेच आठवडे आपण तोंड बंद ठेवतो आणि चौथ्या महिन्यात पेढे घेऊन सुपरवायझरकडं जातो की भाऊ आता हलकं काम द्या. तोवर जे बनायचं ते बनून झालेलं असतं. सगळ्या गावाला सांगू नकोस. स्टेटस ठेवू नकोस. पण तीन माणसांना आत्ताच कळायला पाहिजे, डॉक्टर, नवरा (त्याला माहितीच आहे), आणि जो तुझं टेबल बदलू शकतो तो माणूस. दृष्टीचं म्हणशील तर सासूबाईंना रोज मीठ-मोहऱ्या ओवाळू दे, माझी काही हरकत नाही.

गंमत बघ, आपला कायदा पण या बाबतीत सासूबाईंसारखाच उशिरा जागा होतो. प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतलीय, पण हे कलम तसंच आहे) गरोदर बाईनं मागणी केली तर तिला जड, खूप वेळ उभं राहायचं किंवा गर्भाला अपाय होईल असं काम देऊ नये असं लिहिलंय, छान आहे, पण ते कधी, तर बाळंतपणाच्या तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्या आधीचा एक महिना. म्हणजे सातवा महिना उलटल्यावर. दुसऱ्या महिन्यातल्या बाईसाठी त्यात सरळ असं काही नाही. म्हणून तुला हे कलम दाखवून नाही, डॉक्टरची चिठ्ठी दाखवून मिळवावं लागणार. चिठ्ठीत नुसतं "विश्रांती घ्यावी" किंवा "हलके काम" असं असेल तर उपयोग नाही, हलकं म्हणून तुला उचलाउचलीतून काढतील आणि बसायला स्टूल देतील त्याच टेबलावर. स्पष्ट लिहून घे की गरोदर आहे, रंग, थिनर आणि सॉल्व्हंटच्या वाफांपासून दूरच्या जागी काम द्यावं. डॉक्टरला आपणहून सांगावं लागतं गं, ते विचारत नाहीत, ओपीडीत शंभर बायका असतात. जमलं तर डब्यावरच्या लेबलचा फोटो घेऊन जा. आणि कंपनीकडं त्या थिनरचं एमएसडीएस माग, ते रसायनाचं माहितीपत्रक असतं, कामगाराला धोक्याची माहिती मागायचा हक्क भोपाळनंतर १९८७ मधे फॅक्टरी अ‍ॅक्टमधे घातला गेला, ती कुणाची मेहेरबानी नाही.

सुपरवायझरच्या लिमिटबद्दल. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम घातली होती. अमेरिकेत एसीजीआयएच नावाची या विषयातल्या तज्ज्ञांची संस्था आहे, तिनं हीच शिफारस २००७ पासून २० वर आणलीय आणि त्याच्या कारणांमधे गर्भपाताचं नाव आहे. म्हणजे ६० चा रिपोर्ट आला तर आपल्याकडं लिमिटमधे आणि तिकडं तिप्पट. शिवाय रिपोर्ट शॉपच्या मधोमध यंत्र ठेवून काढलाय की तुझ्या नाकाजवळच्या हवेचा? भिजलेली वेस्ट चेहऱ्यापासून एक वीत असते. हे त्याला भांडून विचारू नकोस, साधं विचार.

वासावर तर अजिबात विसंबायचं नाही. पहिल्या दहा मिनिटांत वास येतो, मग नाक मरतं, वाफ तेवढीच असते. आणि तो निळा मास्क किंवा ओढणी दोनदा गुंडाळणं, ते धुळीला, वाफेला नाही. एन-९५ पण वाफ अडवत नाही. वाफेला कोळशाचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो, त्याचं कार्ट्रिज भरलं की बदलावं लागतं, आणि आठ तास तो लावून गरोदर बाईनं काम करणं हे मी तरी कुणाला सांगणार नाही. मास्क हा शेवटचा उपाय. पहिला उपाय जागा बदलणं, डब्याला झाकण, वेस्टच्या बादलीला झाकण, टेबलावर ओढून घेणारा एक्झॉस्ट. आणि एक सवय तू लिहिली नाहीस पण असणार म्हणून सांगते, शिफ्ट सुटताना हाताचा रंग थिनरनं पुसणं. ती आजपासून बंद. कातडीतून पण जातं ते. खोबरेल तेल चोळ, मग साबण, जाईल हळूहळू, नाही गेला तर राहू दे नखात.

जागा बदलण्याचा एक किस्सा सांगते कारण तिथं मी स्वतः चुकलेय. आमच्याकडं एक मुलगी अशीच पुसाईवर होती, तिनं लवकर सांगितलं, मी लगेच तिला पॅकिंगला टाकलं आणि मनात खूश झाले की काम झालं. पंधरा दिवसांनी परत आली, मॅडम डोकं तसंच दुखतंय. जाऊन तिच्या खुर्चीवर बसले तेव्हा कळलं, पॅकिंगचं टेबल ओव्हनच्या बाहेर यायच्या तोंडापासून पाच पावलांवर होतं आणि छताचा पंखा सगळी गरम हवा तिच्याच डोक्यावर आणत होता. मी कागदावर काम बदललं होतं, हवा तीच. मग तिला स्टोअरच्या खिडकीत बसवलं, तेव्हा थांबलं. म्हणून तुला नवीन जागा मिळाली की आठ दिवस रोज संध्याकाळी लिहून ठेव डोकं दुखलं का, आणि दुखलं तर परत जा त्यांच्याकडं, लाजू नकोस. स्टोअर, डिस्पॅच, ऑफिसची एन्ट्री, रंगाच्या आधीची पत्र्याची तपासणी (तिथं तेल-ग्रीस धुवायला सॉल्व्हंट वापरत नसतील तर), असं काहीतरी नाव घेऊन माग. नुसतं बदला म्हटलं की कुठंही टाकतात.

नोकरी सोडू का, याचं उत्तर लगेच हो किंवा नाही असं नाहीये, पण राजीनामा लिहायच्या आधी एक हिशोब कर. ईएसआयच्या मागच्या लगोलगच्या दोन कंट्रिब्युशन पिरियडमधे (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या मुदती) मिळून तुझे ७० दिवस भरले असतील, आणि तीन वर्षं कापतायत म्हणजे भरलेच असणार, तर हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तोवर २६ आठवडे पूर्ण सरासरी पगार मिळतो, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. गरोदरपणामुळं आजारी पडलीस तर वर आणखी एक महिन्यापर्यंत. रागात किंवा भीतीत आज सोडलंस तर पुढचे दिवस भरायचे राहतात आणि नंतर ऑफिसचे खेटे. ठेकेदार खरंच पैसे भरतोय का ते ईएसआयच्या साइटवर तुझा आयपी नंबर (विम्याचा नंबर) टाकून बघ, पगाराच्या पावतीवर कापलं दिसणं आणि खरंच भरणं यात कधीकधी फार अंतर असतं. आणि ठेकेदारानं "गरोदर आहेस तर उद्यापासून येऊ नको" म्हटलं तर तोंडी मान्य करून घरी बसू नकोस, गरोदर असताना काढलं तरी जो लाभ एरवी मिळाला असता तो बुडत नाही, कायदा इथं मात्र स्पष्ट आहे. अर्ज लेखी दे, दिल्याचा फोटो ठेव. तरीही पंधरा दिवसांत जागा बदलली नाही आणि चारचा ठणका चालूच राहिला, तर मग माझं मत बिनपगारी का होईना पण सुट्टी घे असं आहे. १६ हजारांत घर चालतं हे मला कळतं, म्हणून हे शेवटी लिहितेय, पहिल्यांदा नाही.

गरोदर बाईला नोकरीतूनच बाहेर काढणं हा उपाय नाही हे मी का म्हणते त्याला एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स नावाच्या बॅटरी कंपनीनं १९८२ मधे नियम केला की मूल होऊ शकणाऱ्या बाईला शिशाच्या कामावर घेणार नाही. एका बाईनं नोकरी टिकावी म्हणून स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं. आणि त्याच कंपनीतल्या एका पुरुषानं, बाप व्हायचंय, अंगातलं शिसं कमी होऊ दे म्हणून रजा मागितली तर त्याला नाही म्हणाले. १९९१ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टानं तो नियम बेकायदा ठरवला. त्या रजा मागणाऱ्या माणसाचं मला फार वाटतं, कारण आपल्याकडं पुरुषाला हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तुझा नवरा फॅब्रिकेशनला वेल्डिंग करतो असं तू लिहिलंयस. त्याचे कामाचे कपडे दारातच उतरवू दे, वेगळे धुवा, आणि ते धुणं तुझ्याकडं नको, त्यालाच जमतं.

गेल्या वेळचं. गं, याचं उत्तर कुणाकडंच नाही आणि जो देईल तो तुला फसवतोय. कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस जात असतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांतच गडबड असते, आईनं काय केलं न केलं त्याचा संबंध नसतो. सॉल्व्हंटवर काम करणाऱ्या बायकांत हे प्रमाण जास्त सापडलंय, तेही खरं. तुझं नेमकं कशानं गेलं ते कळणार नाही. शेजारच्या ताईची दोन पोरं पण कशाचा पुरावा नाही, ज्यांचं गेलं त्या त्या टेबलावर आता नाहीत एवढंच, तू त्यांना विचारू शकत नाहीस. (गेल्या वर्षी तुला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळायला हवी होती, कुणी सांगितलंच नसणार.)

आणि खाली करायचं. नाही, या भीतीवरून नाही. आठ आठवडे त्या टेबलावर बसलीस म्हणून बाळाला काही झालंच आहे असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. कुठल्याही बाईच्या बाळात मोठं व्यंग असायची शक्यता शंभरात तीनेक असते, तुझी थोडी जास्त धरली तरी बहुतेक बाळं व्यवस्थित येतात. ११ ते १४ आठवड्यांत एक सोनोग्राफी, मग १८ ते २० आठवड्यांत अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट बनलेत का ते बघणारी सोनोग्राफी, ती चुकवू नकोस, आणि करणाऱ्या डॉक्टरला आधी सांग की थिनरवर काम होतं, हृदय नीट बघतील. तेव्हा खरंच काही गंभीर दिसलं तर त्या वेळी विचार करायला कायद्यानं वेळ आहे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू असेलच, नसेल तर आजच.

पार्लरमधे नेलपॉलिश आणि केराटिन करणाऱ्या, चपलांचे सोल चिकटवणाऱ्या, स्क्रीन प्रिंटिंगच्या, ड्रायक्लीनिंगच्या, बॅटरी किंवा सोल्डरिंगच्या कामावरच्या ज्या कुणी हे वाचतायत, तुमचं रसायन वेगळं असेल पण विचारायचं तेच, सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं. शिशावाल्या असाल तर मात्र तेवढ्यानं भागत नाही, शिसं काही न दुखता हाडात साठतं आणि गरोदरपणात परत रक्तात उतरतं, त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी मागून घ्या, दिवस जायच्या आधी घेतली तर उत्तम. जनरेटर किंवा भट्टीजवळ काम असेल तर कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि बाळाच्या रक्तातून तो आईच्या रक्तापेक्षा हळू निघतो, तिथून लगेच हला.

तू मात्र उद्याचा रविवार घे, डॉक्टर बसत असतील तर उद्याच नाहीतर सोमवारी अर्धी रजा टाकून, चिठ्ठी आण आणि दुसऱ्या शिफ्टच्या आधी सुपरवायझरला एकटं गाठून दे. सगळ्यांसमोर नको. त्याला सांग की अजून घरात पण फार कुणाला माहिती नाही, तुमच्याकडंच ठेवा. माझा अनुभव असा की असं विश्वासानं सांगितलं की ही माणसं बरेचदा सांभाळून घेतात. नाही घेतलं तर मला परत लिही, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं तक्रार कशी करायची, नाव न येऊ देता, ते मग बघू.